पाणंदीचा प्रश्न : पैसा सरकारचा, वाट आपली

हंगाम संपला. बॉयलर थंड झाला, गव्हाण रिकामी झाली, टोळ्या आपापल्या गावी पोचल्या. या दिवसांत आम्ही शेतकी खात्याची मंडळी गट ऑफिसात बसून हंगामातल्या तक्रारींच्या वह्या चाळत असतो. कुणाची तोड उशिरा आली, कुणाच्या नोंदीत चूक निघाली, कुणाला मुकादमाने खुशाली मागितली, अशा नाना तक्रारी असतात. पण वही शेवटपर्यंत वाचली की एक शब्द पानोपानी भेटतो. तो शब्द म्हणजे ‘रस्ता’. ‘गाडी शेतात येत नाही’, ‘ट्रॉली पाणंदीत बसली’, ‘शेजारी वाट देत नाही’, ‘दुसरा ट्रॅक्टर लावून ओढून काढली, त्याचे पैसे कोण देणार ?’

या पानांवर आम्ही एरवी बेण्याची निवड, खोडव्याची मशागत, हुमणी, ठिबक यांवर लिहितो. ते काम आमचेच आहे आणि ते चालू राहील. पण उसाची लागण शेतात होत असली, तरी उसाचे पैसे काट्यावर होतात. शेत आणि काटा यांच्यामध्ये जी वाट आहे, तिच्याविषयी आपण मनातले स्पष्ट कधी बोललोच नाही. म्हणून यावेळी तो विषय घेतला आहे. काही गोष्टी कडू लागतील. त्या तुम्हालाही आहेत आणि आम्हालाही आहेत.

एका उसाची गोष्ट

सरत्या हंगामातली एक हकिकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण असे प्रत्येक गटात घडते.

एका वयस्कर सभासदाचा तीन एकर आडसाली ऊस. जाड, सरळ, कुठे लोळलेला नाही. लागणीपासून आमच्या सल्ल्याने केलेला. पाहायला माणसे यावीत असा फड. प्रोग्रामप्रमाणे तोड लागली, टोळीने कोयता घातला, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरल्या आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला. शेतापासून पक्क्या रस्त्यापर्यंत सगळी मिळून पाऊण किलोमीटरची पाणंद. काळी जमीन. तिच्या मध्यावर एका शेजाऱ्याच्या दंडाचे पाणी वर्षानुवर्षे पाणंदीतच सुटते. नेमक्या त्याच ठिकाणी पुढची ट्रॉली आसापर्यंत रुतली.

पहिला दिवस दुसरा ट्रॅक्टर शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दोन ट्रॅक्टर लावले तर साखळी तुटली. शेवटी निम्म्या मोळ्या खाली उतरवून, डोक्यावर वाहून, वाट वाळल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी निघाली. तोवर टोळी पुढच्या फडात गेली होती आणि तोडलेला उरलेला ऊस थळात वाळत होता. काट्यावर वजन झाले तेव्हा आमच्या फिल्डमनलाही ते पाहवले नाही. ते आजोबा आम्हाला एवढेच म्हणाले, “सायेब, अठरा महिनं ऊस सांभाळला त्येचा तरास न्हाय वाटला. ह्या पाऊण किलोमीटरनं मातुर जीव घेतला.”

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. तोडीनंतर उसातले पाणी उडते, म्हणून वजन घटते. ते नुकसान थेट सभासदाचे. आणि उसातल्या साखरेचे विघटन सुरू होते, म्हणून उतारा घटतो. ते नुकसान सगळ्यांचे, कारण ज्या उताऱ्यावर आपला दर ठरतो तो साऱ्या कारखान्याचा एकच असतो. एकाची ट्रॉली पाणंदीत बसली तर तोटा त्याचा एकट्याचा, असे कुणी समजू नये. शिळ्या उसाची किंमत सर्वांच्या बिलातून जाते.

वाटेचा खर्च कोण भरतो ?

उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आहे. हा दर कारखान्याच्या दारातला आहे, शेतातला नाही. म्हणून आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरेल ते तुमच्या खात्यावर जमा होते. हे सर्वांना ठाऊक आहे. वार्षिक सभेत त्यावर आवाजही चढतो. पण तोडणी-वाहतुकीचा आकडा का फुगतो, याचा विचार कमी होतो.

वाहतूकदार दर सांगतो तेव्हा तो फक्त किलोमीटर मोजत नाही. एका दिवसात खेपा किती होतील, हे तो मोजतो. रस्ता चांगला असेल तर दोन खेपा होतात तिथे वाट खराब असेल तर एक होते. टायर फुटतो, आस वाकतो, डिझेल जास्त जळते. हे सगळे तो आपल्या दरात धरतो, आणि दरात बसले नाही तर शेतकऱ्याकडून ‘एंट्री’ म्हणून वसूल करतो. ती पावतीवर येत नाही, पण खिशातून जाते. एंट्री मागणाऱ्यावर आम्ही कारवाई करतो, करायलाच हवी. पण ज्या शेतापर्यंत गाडी सुखाने जाते तिथे एंट्री मागण्याची हिंमत कमी होते, आणि जिथे पाणंद खराब तिथे ती हक्काने मागितली जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणजे रस्ता न करण्यालाही पैसे पडतात. तो खर्च दर हंगामाला होतो, कधी फिटत नाही आणि कुठल्या हिशेबात दिसत नाही.

‘कारखान्याने रस्ते करावेत’

गटसभेत हमखास उठणारा मुद्दा म्हणजे, “ऊस कारखान्याला पाहिजे, तर रस्ता कारखान्यानं करावा.” टाळ्याही पडतात. पण जरा शांतपणे पाहू.

कारखान्याकडे वेगळा असा पैसा नाही. कारखान्याचा पैसा म्हणजे तुमच्या उसाचा पैसा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून सहकारी कारखान्याचे हेच सूत्र आहे. कारखान्याने टनामागे कपात करून रस्ता केला, तर तुम्हीच तुमच्या बिलातून रस्ता केला, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या रस्त्यावरून फक्त ऊस जातो का ? सकाळी त्याच पाणंदीने दुधाचे कॅन जातात. वस्तीवरची पोरे दप्तर डोक्यावर धरून चिखलातून शाळेला जातात. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यावी लागते. ज्याच्याकडे एक गुंठाही ऊस नाही तो मजूरही त्याच वाटेने जातो. जी वाट सगळ्या गावाची आहे तिचा खर्च फक्त ऊसवाल्याने का सोसावा ? तो सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे, हे आमचे ठाम मत आहे.

कुणी म्हणेल, सरकारपुढे हात का पसरायचा ? हात पसरण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतता तेव्हा प्रत्येक लिटरमागे रस्त्यासाठीचा उपकर भरता. त्यासाठी २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला आणि डिझेलवरच्या उपकरातला हिस्सा ग्रामीण रस्त्यांसाठी ठेवला गेला. जुन्या सभासदांना आठवत असेल, ऊस खरेदी कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत चालू होता. तोही उसावरच होता. तेव्हा भीक नको, आपल्याच पैशातला वाटा हवा आहे.

सरकारचा पैसा आला, पण शिवारात पोचला का ?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातले पैसे आपल्या गावच्या मातीकामाला आले. ही गोष्ट आपण विसरू नये. आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा खडी फोडली, भराव टाकले. मात्र त्या कामांत मजुराला पोट भरण्याइतकी मजुरी मिळावी हा मुख्य हेतू होता. माती पडली, पण तिच्यावर खडी पडलीच असे नाही. त्यामुळे कितीतरी वाटा दोन पावसाळ्यांत वाहून गेल्या.

मग २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. सपाट भागात ५०० लोकवस्तीच्या वर असलेल्या वाड्या-वस्त्यांना बारमाही रस्ता, हे तिचे सूत्र होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा चौथा टप्पा मंजूर झाला. त्यात देशभर २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते धरले आहेत. राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्राम सडक योजना काढली. या योजनांचे उपकार आपण मानतो. पण हे रस्ते गावाला गाव जोडतात, वस्तीला डांबरी रस्ता जोडतात. वस्तीपासून बांधापर्यंतचा शेवटचा तुकडा तिथे मोजलाच जात नाही, कारण शेतात लोकसंख्या नसते. शेतात ऊस असतो, आणि उसाची शिरगणती होत नाही.

हा तुकडा धरणाऱ्या योजना अलीकडच्या आहेत. २०१८ साली पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. तिच्यात रोजगार हमीचा पैसा आणि राज्याचा पैसा एकत्र करून पाणंदी पक्क्या करायच्या असे ठरले. कागदावर योजना उत्तम. अडचण कुठे आली ? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरीवर ६० आणि साहित्यावर ४० असे प्रमाण बांधलेले होते. ते मजुराच्या हिताचेच होते. पण काळ्या जमिनीतल्या पाणंदीला मुरूम, खडी, रोलर, मोरीचे पाइप लागतात. तिथे साहित्यच जास्त लागते. आणि ऊसपट्ट्यात उन्हाळ्यात हजेरीपटावर मजूर मिळणे किती कठीण, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून कागदोपत्री मंजुरी मिळूनही कितीतरी पाणंदी कोऱ्याच राहिल्या.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा मंजूर केला. त्याच सुमारास राज्य सरकारने यंत्रांच्या मदतीने पाणंदी करण्यासाठी मुख्यमंत्री बळीराजा शेत व पाणंद रस्ते योजना आणली. यंत्राने काम होणार ही चांगली गोष्ट आहे. पण आमचा अनुभव असा, की योजनेचे नाव बदलले म्हणून पाणंद आपोआप होत नाही. पैसा येतो तेव्हा ज्या गावाची तयारी झालेली असते त्या गावाची पाणंद होते. बाकीची गावे पुढच्या योजनेची वाट बघत बसतात.

बांध कोरणारा आणि बांध सोडणारा

आता कडू बोलायचे ते हे. निम्म्या पाणंदी पैशावाचून अडलेल्या नाहीत. त्या आपल्या बांधाला अडलेल्या आहेत.

तलाठ्याकडचा गाव नकाशा एकदा उघडून पाहा. त्यात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली वाट म्हणजे गाडीमार्ग. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. आता तीच वाट प्रत्यक्ष शिवारात जाऊन मोजा. एकवीस फुटांची पाणंद कुठे आठ फुटांवर आली आहे, कुठे बैलगाडीही तिरकी होते. ती जमीन कुठे गेली ? ती कुणी परगावच्याने नेली नाही. दर नांगरटीला एक-एक तास आत सरकत आपणच ती उसाखाली घातली. एका बाजूने थोरल्याने कोरली, दुसऱ्या बाजूने धाकट्याने. आणि तोड आली की दोघे मिळून आमच्या फिल्डमनवर ओरडतात, “गाडी का येईना ?”

जरा हिशेब मांडू. साडेतीन मीटर रुंदीची एक किलोमीटर वाट म्हणजे ३५०० चौरस मीटर, सुमारे ३५ गुंठे जमीन. दोन्ही बाजूंना मिळून वीस खातेदार असतील तर माणशी पावणेदोन गुंठे. एकरी ४० टनाचा ऊस धरला तर गुंठ्याला एक टन. म्हणजे वाट संपूर्ण नवीन काढायची म्हटली तरी माणशी पावणेदोन टन उसाचा प्रश्न आहे. नकाशावरची जुनी पाणंद असेल तर तेवढेही जात नाही, कारण ती जमीन मुळात तुमची नव्हतीच. आता दुसऱ्या बाजूला मांडा : दर हंगामाला दुसऱ्या ट्रॅक्टरचे भाडे, एंट्री, वाळलेल्या उसाची घट, खत-बेणे डोक्यावर वाहायची मजुरी, आणि पाणंद नाही म्हणून शेवटी येणारी तोड. शेवटी आलेल्या तोडीचा खोडवा कसा येतो, ते आम्ही वेगळे सांगायला नको. पारडे कुठे झुकते, ते तुमचे तुम्ही ठरवा.

समजुतीने होत नसेल तर कायदाही आहे. जुनी वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. ‘बघू, हंगाम आल्यावर भांडू’ म्हणून बसलात तर मुदत निघून जाते. वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असे सांगितले आहे. ही नोंद फार मोलाची आहे. आज दोन शेजारी गोडीने वाट देतात, उद्या एकाची जमीन विकली जाते आणि नवा मालक काटेरी तार लावतो. तोंडी दिलेली वाट माणसाबरोबर जाते, सातबाऱ्यावरची वाट जमिनीबरोबर राहते.

तरीही आमचे सांगणे हेच, की कोर्ट-कचेरी हा शेवटचा उपाय. भावकीतला दावा एकदा तहसीलात गेला की पाणंद होईल, पण लग्नाकार्याला एकमेकांच्या दारात जाणे बंद होईल. गावातली चार जाणती माणसे, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन यांना बरोबर घेऊन बांधावर उभे राहून बोलणे झाले तर पुष्कळ गाठी सुटतात.

आमचीही चूक

दुसऱ्याचे कुसळ दाखवताना स्वतःचे मुसळ झाकू नये. पाणंदी मोडण्यात कारखान्याचाही हात आहे, हे आम्ही मान्य करतो. पूर्वी बैलगाडीने ऊस येई तेव्हा मुरमाची वाट चार-पाच वर्षे टिके. आज दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टपापर्यंत भरून त्याच वाटेने जातो. जादा भार भरला की वाहतूकदाराला खेप परवडते, गाळप लवकर होते, म्हणून आम्हीही काणाडोळा केला. सरकारच्या पैशाने झालेली पाणंद एका हंगामात आम्हीच फोडली, तर पुढच्या वेळी कुठल्या तोंडाने मागणार ? म्हणून पुढच्या हंगामापासून नव्याने झालेल्या पाणंदींवर जादा भाराची गाडी भरू नये, तिथे लहान गाडीच लावावी, असा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे ठेवणार आहोत. वाहतूकदार कुरकुर करतील. त्यांनाही आम्ही सांगू, वाट टिकली तर तुमचाही टायर टिकेल.

आणि पाणी ! काळ्या जमिनीतला रस्ता चाकाने मोडतो त्याच्यापेक्षा जास्त पाण्याने मोडतो. सरकारने लाखो रुपयांची खडी टाकली आणि बाजूच्या सऱ्यांतले पाणी रात्रभर तिच्यावर सोडले, तर खाली माती लोण्यासारखी होते आणि खडी तिच्यात बुडून जाते. वाट मध्ये उंच, दोन्ही कडेला उतार, दोन्ही बाजूंना चर आणि दंड ओलांडतो तिथे मोरी, एवढे असेल तर साधी मुरमाची वाटही टिकते. हे नसेल तर डांबरही टिकत नाही. चर काढायला सरकारची मंजुरी लागत नाही. ते काम ज्याच्या त्याच्या बांधाला ज्याने त्याने करायचे आहे.

कोणती पाणंद आधी ?

पैसा मर्यादित असतो. सगळ्या पाणंदी एका वर्षात होणार नाहीत. मग आधी कोणती ? इथेच गावाचे खरे दुखणे आहे. आजवर ज्या वाटेच्या टोकाला पुढाऱ्याचा मळा, ती वाट आधी होत आली. दोन-दोन एकरवाल्यांची पाणंद मात्र तशीच राहिली. सार्वजनिक पैसा असा खर्च झाला की त्याला सार्वजनिक म्हणण्यात अर्थ राहत नाही.

आमचे म्हणणे असे, की वाटेवर खातेदार किती, क्षेत्र किती, ऊस आणि भाजीपाला किती निघतो, वस्तीवर राहणारी घरे किती, शाळेला जाणारी मुले किती, हे सगळे मांडून क्रम लावावा. या कामी कारखाना एक गोष्ट नक्की करू शकतो. आमच्याकडे गट नंबरवार उसाच्या नोंदी आहेत. कुठल्या पाणंदीने किती टन ऊस आला, हे आमच्या स्लिपांवरून काढता येते. ही माहिती आम्ही गावोगाव तयार करून ग्रामपंचायतीला देऊ आणि गट ऑफिसच्या फळ्यावरही लावू. म्हणजे ग्रामसभेत नुसता आवाज मोठा असलेल्याचे चालणार नाही, आकडा बोलेल. एखाद्या वाटेने टनेज थोडे पण घरे जास्त असतील, तर ती वाट आधी व्हावी, हेही आम्ही त्याच कागदावर लिहू. कारखान्याला ऊस हवा आहे म्हणून आम्ही माणसे विसरणार नाही.

कामाचे वेळापत्रक असे धरावे. पावसाळ्यात शेतात गाड्यांची वर्दळ नसते, तेव्हा शिवारफेरी करून नकाशा आणि प्रत्यक्ष वाट ताडून पाहावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. दसरा-दिवाळीच्या आत संमतिपत्रे आणि मोजणी उरकावी. हंगाम चालू असताना कागद पंचायत समितीत आणि तहसीलात फिरू द्यावेत. आणि शेवटची गाडी गेली की एप्रिल-मे महिन्यांत काम उरकून पहिल्या पावसाच्या आत चर काढून मोकळे व्हावे. ज्या गावाचे कागद पूर्ण आहेत तिथे काम सुरू होताना कारखान्याची यंत्रे डिझेल खर्चावर द्यावीत, अशी शिफारस आम्ही करू. सरकारचा पैसा, गावाची संमती आणि कारखान्याची यंत्रे, हे तीन बैल एका जुवाला लागले तर गाडी अडायचे कारण नाही.

शेवटी

ते आजोबा परवा गट ऑफिसात आले होते, पुढच्या लागणीची नोंद द्यायला. आम्ही त्यांना विचारले, पाणंदीचे काय झाले ? म्हणाले, “शेजाऱ्याकडं गेलो हुतो. म्हनलं, तुझा दंड जरा वळव, मी पायपाचा खर्च करतो. त्यो म्हनला, बघू.” मग थोडे थांबून हसून म्हणाले, “बघू म्हनला. न्हाय म्हनला न्हाय.”

सभासद बंधु-भगिनींनो, ‘नाही’ आणि ‘बघू’ यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यातूनच पाणंद निघते. सरकारच्या निधीसाठी आपण जरूर भांडू, आमदार-खासदारांच्या दारात एकत्र जाऊ, तो आपला हक्क आहे. पण निधी येईल तेव्हा त्याला उतरायला साडेतीन मीटर जागा लागेल. ती मुंबईहून येणार नाही आणि दिल्लीहूनही येणार नाही. ती तुमच्या-आमच्या बांधावरच आहे. या पावसाळ्यात आमचे फिल्डमन नकाशा घेऊन तुमच्या शिवारात येतील. त्यांच्याबरोबर बांधावर या, शेजाऱ्यालाही घेऊन या. चहा आम्ही पाजू.

आपला,
ऊस विकास अधिकारी